बोबड्या बोलांची मशागत



या सदरात आपण एरवी बी-बियाणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि पिकांवरील रोग-किडी यांविषयी बोलतो. या खेपेस विषय निराळा घेतला आहे, आणि तो तुम्हीच दिलेला आहे. गावोगावच्या बैठकांना गेलो की बैठक उठल्यावर एखादी आई किंवा आजी मागे थांबते आणि हळूच विचारते, "साहेब, आमचं बाळ दोन वर्षांचं होत आलं, पण अजून बोलत नाही. काय करावं?" मी डॉक्टर नाही. परंतु बालरोगतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ या बाबतीत जे सांगतात ते समजून घेतले, तर त्यातले बरेचसे शेतकऱ्याच्या घरात बिनखर्चाने होण्यासारखे आहे.

सांगायची मुख्य गोष्ट अशी. मूल बोलायला शिकते ते त्याच्याशी कोणी बोलते म्हणून, आणि त्याने काढलेल्या आवाजाला कोणी उत्तर देते म्हणून. हे काम घरच्यांचेच आहे. आणि घरच्यांनी सारे करूनही बोलणे वेळेवर आले नाही, तर वाट पाहत न बसता आधी बाळाचे कान तपासून घ्यावेत.

आधी कान, मग तोंड

बाळाचे ऐकणे जन्माच्या आधीच सुरू होते. गर्भारपणाच्या साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून पोटातल्या बाळाला आवाज ऐकू येऊ लागतात. म्हणूनच जन्मल्यावर थोड्याच दिवसांत ते आईचा आवाज ओळखते. पुढे वर्षभर ते शब्द बोलत नाही, पण ऐकत असते आणि मनात साठवत असते. ज्वारी पेरल्यावर कोंब वर दिसण्याआधी खाली मूळ धरते, तसेच हे आहे. समजणे आधी, बोलणे नंतर.

आपल्या मराठीचेच पाहा. बैल आला, गाय आली, वासरू आले. शाळेत पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग पाठ करताना मुले कंटाळतात. पण तीन-चार वर्षांचे पोर गोठ्याच्या दारात उभे राहून फारसे न चुकता हेच बोलत असते. त्याला हे व्याकरण कोणी बसून शिकवलेले नसते. शेकडो वेळा कानांवर पडले, म्हणून ते तोंडात आले.

या कामाला पहिली तीन वर्षे फार मोलाची. दोन वर्षांच्या बाळाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे पाऊणपट झालेला असतो, इतकी त्याची वाढ या काळात झपाट्याने होते. जमिनीला वापसा असताना पेरलेले जोमाने उगवते, नंतर पेरलेले उगवत नाही असे नाही, पण कष्ट दुप्पट पडतात. बोलण्याचेही तसेच आहे.

केव्हा काय यावे?

प्रत्येक बाळाची चाल थोडी वेगळी असते. एखादे महिना-दोन महिने पुढे, एखादे मागे. तरीही सर्वसाधारण अंदाज असावा म्हणून पुढील वेळापत्रक घरातल्या सर्वांनी वाचावे.

३ महिन्यांपर्यंत: मोठ्या आवाजाने दचकते. आईच्या आवाजाने शांत होते. अऽ, ऊऽ असे हुंकार देते.

६ ते ९ महिने: बाबाबा, मामामा, दादादा अशी बडबड करते. आवाजाच्या दिशेने मान वळवते. नावाने हाक मारली की पाहते.

१ वर्ष: एखाद-दोन शब्द अर्थासह बोलते. "ये", "दे", "नको" समजते. हात हलवून टाटा करते.

दीड वर्ष: पुष्कळ मुले दहा-वीस शब्द बोलतात. हवी ती वस्तू बोटाने दाखवतात. नुसते तोंडाने सांगितले तरी "चेंडू आण" हे कळते.

२ वर्षे: पन्नासच्या आसपास शब्द येतात, आणि दोन शब्द जोडता येतात. "बाबा ये", "दूद दे", "हम्मा गेली".

३ वर्षे: तीन-चार शब्दांचे वाक्य बोलते. परक्या माणसालाही त्यातले बहुतेक कळते.

बाळ कमी दिवसांचे जन्मले असेल, तर ही मोजणी जन्मतारखेपासून न करता डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून करावी.

वेळ कुठून आणायचा?

"आम्हाला दिवसभर कामाचा रगाडा, बाळाशी बोलत बसायला सवड कुठली?" असे मायभगिनी म्हणतात, आणि ते खरेच आहे. पण त्यासाठी वेगळे बसायची गरज नाही. हातातले काम चालू ठेवूनच तोंडाने बोलत राहावे.

सकाळी धार काढताना बाळ जवळ असेल तर म्हणावे, "गाय आली. गाईचं दूध. बघ, बादली भरली." भाकरी करताना म्हणावे, "पीठ मळलं. भाकरी थापली. तव्यावर टाकली. फुगली, फुगली!" अंघोळ घालताना हात, पाय, नाक, कान यांची नावे घ्यावीत. शेताच्या वाटेवर बांध, ओढा, विहीर, चिमणी, पायाला लागलेला चिखल, जे दिसेल ते सांगत जावे. नुसती वस्तूंची नावे पुरत नाहीत. आला, गेला, पडला, भरला, सांडला हे शब्दही कानांवर पडावे लागतात, कारण वाक्य त्यांच्यामुळे उभे राहते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात किंवा मजुरीच्या घरी बाळ दिवसभर फडाच्या कडेला, झोळीत नाहीतर थोरल्या भावंडाजवळ असते. अशा ठिकाणी पाणी प्यायला, दूध पाजायला आई येते तेवढी पाच-दहा मिनिटे मोलाची. तेवढ्यात बाळाच्या तोंडाकडे पाहून बोलावे. जवळ अंगणवाडी असेल तर गाव आपले नसले तरी बाळाला तेथे अवश्य न्यावे.

बापाचे काय? आमच्याकडे अजून अशी समजूत आहे की बाळाशी लाडे लाडे बोलणे हे बायकांचे काम. ही समजूत सोडून द्यावी. बापाचा आवाज निराळा, शब्द निराळे, विषय निराळे. मोटर, नांगर, पाऊस, बाजार हे शब्द बाळाला त्याच्याकडून मिळतात. रात्री जेवणाआधी पंधरा मिनिटे बापाने बाळाला मांडीवर घ्यावे. आजी-आजोबा असलेले घर तर भाग्याचे. चिऊ-काऊची गोष्ट आजीने रोज तीच सांगितली तरी बिघडत नाही. उलट तीच गोष्ट पुन्हा ऐकली म्हणजे पुढे काय येणार ते बाळाला ठाऊक असते, आणि एके दिवशी तो शब्द आजीच्या आधी बाळच बोलून टाकते.

बोलावे कसे?

१) बाळाच्या पातळीवर यावे. उकिडवे बसावे किंवा बाळाला समोर घ्यावे. आपले ओठ, डोळे त्याला दिसले पाहिजेत. ते ज्याकडे पाहते त्याविषयी बोलावे. बाळ शेळीकडे पाहत असेल तर आपण त्याला चंद्र दाखवू नये.

२) बोलून झाल्यावर थांबावे. हे सर्वांत अवघड जाते. आपण प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच देऊन टाकतो. बोलल्यावर मनात पाच-दहा अंक मोजावेत. बाळाने नुसता "गु" म्हटले, हात हलवला, हसले, तरी ते उत्तरच आहे. त्यावर आपण पुन्हा बोलावे. विटी-दांडूत डाव आळीपाळीने येतो, तसे बोलणे आळीपाळीने चालावे.

३) एक शब्द वाढवून परत द्यावा. बाळ म्हणाले, "हम्मा". आपण म्हणावे, "हो, हम्मा आली." बाळ म्हणाले, "हम्मा आली". आपण म्हणावे, "हम्मा चरून आली." एवढेच. रोज थोडी भर पडते.

४) मागण्याची संधी द्यावी. बाळाने माठाकडे हात केला की लगेच पेला तोंडाला लावू नये. "काय हवं? पाणी?" म्हणावे आणि क्षणभर थांबावे. पेरू आणि केळे दोन्ही हातांत धरून "पेरू की केळं?" असे विचारावे. मात्र शब्द आलाच पाहिजे असा हट्ट धरून तहानलेल्या बाळाला रडवू नये.

५) चित्रे दाखवावीत. महागडी पुस्तके नसली तरी चालते. भिंतीवरची दिनदर्शिका, या साप्ताहिकातली चित्रे, लग्नाचे फोटो यांवर बोट ठेवून बोलावे. येथे शेती खात्याचा माणूस म्हणून एक बजावून सांगतो. कीटकनाशकांचे डबे, बाटल्या, बियाण्याला औषध चोळलेल्या पिशव्या, मग त्यांवरचे चित्र कितीही रंगीत असो, बाळाच्या हाती कधीही देऊ नयेत. तसेच शेंगा फोडताना बाळ जवळ असले तर गप्पा कराव्यात, पण चार-पाच वर्षांच्या आतील मुलाला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे खायला देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात.

काय टाळावे?

बाळ "टाटर" म्हणाले म्हणून हसू नये, आणि "ट्रॅक्टर म्हण, ट्रॅक्टर म्हण" असा तगादाही लावू नये. "हो, ट्रॅक्टर आला" असे आपण नीट म्हणावे. पाहुण्यांपुढे "काकांना म्हणून दाखव" असा आग्रह केला की पुष्कळ मुले तोंड मिटून घेतात. चिऊ, भूभू, मम्मं हे बाळबोलीतले शब्द वाईट नाहीत; फक्त त्यांच्या जोडीला चिमणी, कुत्रा, पाणी हेही शब्द येऊ द्यावेत.

अलीकडे खेड्यातही बाळाशी इंग्रजीत बोलण्याची हौस वाढली आहे. आपल्याकडे काऊ म्हणजे कावळा, आणि इंग्रजीत काऊ म्हणजे गाय. बाळाने कोणाकडे बोट दाखवायचे? आईवडिलांना जी भाषा सहज येते तीच बाळाशी बोलावी. घरात अहिराणी असो, वऱ्हाडी, मालवणी, गोंडी की भिली असो, लाजू नये. भाषा मनापासून आली म्हणजे शब्दही पुष्कळ येतात. घरात दोन भाषा नेहमीच्या वापरात असतील तरीही काळजी नको. दोन भाषा ऐकल्याने मूल मुके राहत नाही.

औषधी उपायांविषयी थोडे. वेखंड उगाळून जिभेला लावले की वाचा फुटते असे आपल्याकडे म्हणतात. वाचा जिभेला लावलेल्या औषधाने येत नाही, कानांनी ऐकलेल्या शब्दांनी येते. वेखंडाबरोबर मध चाटवण्याचीही रीत आहे. पण एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यातून क्वचित पण फार गंभीर विषबाधा होऊ शकते. जिभेखालचा पडदा कापला की मूल बोलू लागेल, हीही बहुतेक वेळा चुकीची समजूत आहे. कान वाहत असेल तर त्यात तेल ओतू नये, डॉक्टरांना दाखवावे. वारंवार कान फुटला तर ऐकू कमी येते आणि बोलणे मागे पडते.

मोबाईल हा बोलका सोबती नव्हे

बाळ रडले की मोबाईल, जेवत नाही म्हणून मोबाईल, आई कामात म्हणून मोबाईल, हे आता वस्तीवरच्या घरांतही दिसते. मोबाईलमधली गाणी ऐकून बाळ बोलायला शिकेल अशी आशा असते. पण मोबाईल बोलतो आणि थांबत नाही. बाळाने "गु" म्हटले तर तो उत्तर देत नाही. एका बाजूनेच चालणाऱ्या बोलण्यातून बाळ फार थोडे शिकते, आणि तेवढा वेळ घरच्यांशी होणारे बोलणे बुडते, ते निराळेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आणि भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली याविषयी स्पष्ट सांगितले आहे. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच. परगावच्या मामाशी किंवा आजीशी चित्रफोनवर बोलणे एवढीच सवलत. दोन वर्षांनंतर दिवसातून फार तर एक तास, तोही शेजारी बसून. घरात दूरदर्शन संच सतत चालू ठेवण्याची सवय असेल तर तीही मोडावी. त्या गोंगाटात बाळाला शब्द वेगळे ऐकू येत नाहीत.

वाट किती पाहायची?

"याचा बापही उशिराच बोलला होता." "मुलगे उशिराच बोलतात." ही वाक्ये प्रत्येक गावात ऐकू येतात. मुलग्यांचे बोलणे मुलींपेक्षा किंचित मागे असते हे खरे, पण तो फरक थोडा असतो. त्याच्या भरवशावर वर्ष-वर्ष थांबणे महाग पडते.

माझ्या फिरतीतल्या एका द्राक्षबागायतदाराच्या घरची हकीकत आहे. गाव सांगत नाही. मुलगी अडीच वर्षांची, हसरी, चलाख, पण बोलणे नाही. ट्रॅक्टरचा आवाज आला की दाराकडे धावायची, म्हणून ऐकू येते अशी सर्वांची खात्री होती. अंगणवाडीताईंनी मात्र पाठपुरावा सोडला नाही. तपासणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येते असे निघाले. मोठे, जड आवाज तिला कळत. पण बोलण्यातले स, श, फ असे बारीक आवाज तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. कानांना यंत्रे बसवली. पहिले काही दिवस ती खुळखुळा कानाजवळ नेऊन पुन्हा पुन्हा हलवून पाहत असे. घरात त्याहून मोठी अडचण निराळीच होती. पाहुणे आले, लग्नकार्य निघाले की आजी यंत्रे काढून ठेवायची, "पोरीच्या जातीला लोक नावं ठेवतील" म्हणून. वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी आजीलाच समोर बसवून सांगितले, "आजी, यंत्र काढलं तेवढा वेळ नातीचे कान बंद." तेव्हापासून सकाळी यंत्रे लावण्याचे काम आजीनेच आपल्याकडे घेतले. वर्षभर सगळ्यांनी मेहनत घेतली, तेव्हा मुलगी वाक्ये बोलू लागली. आता ती गावच्याच शाळेत जाते. हीच तपासणी बाळपणी झाली असती तर तिची दोन वर्षे वाचली असती.

पुढीलपैकी काहीही दिसले तर थांबू नये:

नऊ महिन्यांपर्यंत बडबड नाही किंवा आवाजाकडे वळत नाही. एक वर्षापर्यंत टाटा, ये-जा असे हातवारे नाहीत. दीड वर्षापर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, किंवा बोटाने दाखवत नाही. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही. डोळ्याला डोळा देत नाही, हाकेला ओ देत नाही, आपल्यातच राहते. आणि कोणत्याही वयात, येत असलेले शब्द बोलायचे बंद झाले.

घरी थाळी वाजवून पाहणे ही परीक्षा नव्हे. बाळ हाताची हालचाल पाहून किंवा जमिनीच्या हादऱ्यानेही वळते. खरी तपासणी यंत्राने होते, ती मुळीच दुखत नाही. 'ओ. ए. ई.' या तपासणीत कानात लहानशी नळी ठेवतात. 'बेरा' तपासणीत बाळ झोपलेले असताना आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो की नाही ते पाहतात. नवजात बाळाची प्राथमिक तपासणी १ महिन्याच्या आत, दोष आढळल्यास पक्के निदान ३ महिन्यांच्या आत आणि उपचार ६ महिन्यांच्या आत सुरू, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. ज्या बाळाला जन्मतः जोराची कावीळ झाली, मेंदूज्वर झाला, जे फार कमी वजनाचे किंवा कमी दिवसांचे आहे, किंवा ज्याच्या घरात बहिरेपण आहे, त्याची तपासणी अवश्य करावी. मामे-आते भावंडांच्या लग्नसंबंधातून झालेल्या मुलांत जन्मजात बहिरेपणाचा धोका अधिक असतो. तेथेही दुर्लक्ष करू नये. गोवर-रुबेलाची लस वेळेवर टोचून घेणे हेही कान राखण्याचेच काम आहे.

जावे कुठे?

प्रथम अंगणवाडीताई किंवा आशाताईंना सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचा आरंभ आपल्याच पालघर येथून झाला. या कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासते. ऐकण्यातील दोष आणि उशिरा बोलणे या दोन्ही गोष्टी त्या तपासणीत येतात. पुढील तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी. वांद्रे (मुंबई) येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था याच कामासाठी आहे. यंत्रानेही ऐकू येत नसेल अशा काही मुलांवर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया करतात. त्यासाठी सरकारी मदत मिळू शकते, पण वयाची अट असते. म्हणूनही उशीर नको.

कान चांगले निघाले, तरी तपासणीला घालवलेला दिवस वाया गेला असे समजू नये. मनातली शंका गेली, आणि पुढे काय करायचे ते वाचा-उपचारतज्ज्ञाकडून कळते.

या आठवड्यापुरते एवढेच करावे. घरात तीन वर्षांच्या आतले मूल असेल तर त्याच्या वयासमोरची ओळ वर दिलेल्या वेळापत्रकात शोधावी. जेवताना मोबाईल फळीवर ठेवावा. आणि बाळाने आज काय आवाज काढला, कोणता शब्द बोलला, ते रात्री घरात एकमेकांना सांगावे. जे घर बाळाचे बोलणे कान देऊन ऐकते, त्या घराला त्याच्या बोलण्यातली अडचणही लवकर कळते.

पुढच्या अंकात नेहमीप्रमाणे पिकांकडे वळू.